कुठूनही गेलं तरी

मोंटेव्हिडिओत, बंदराजवळच्या आमच्या तिकीट कचेरीत
महिन्याच्या पहिल्या मंगळवारी, दहाच्या ठोक्याला
दोन्या सुल्मा एचेगाराय येतात.
काखेत गरम पाण्याचा थर्मास, मुठीत मातेचा भोपळा,
आणि खुर्ची ओढायच्या आधीच विचारतात,
"आज किती झालं?"
जणू अंतर म्हणजे कांद्याचा भाव.

"एकोणीस हजार सातशे ऐंशी किलोमीटर."
"गेल्या महिन्यातही तेवढंच होतं."
"पुढच्याही तेवढंच असेल, दोन्या सुल्मा."
त्या मान हलवतात,
पटलेलं नसताना हलवतात तशी.

मुलगा मोक्पोला असतो, कोरियाच्या नैऋत्य कोपऱ्यात.
गोदीत जहाजांची पोटं सांधतो.
त्याचं नाव वॉशिंग्टन.
आमच्याकडे असतात अशी नावं, हसू नका.
सून सन-ओक. नात दोन वर्षांची,
फोनच्या काचेला जीभ लावते
आणि आजी इकडे पदराने, म्हणजे स्वेटरच्या बाहीने,
आपलाच गाल पुसते.

टेबलावर माझ्या वडिलांच्या वेळचा पृथ्वीगोल आहे,
उन्हाने महासागर पिवळे पडलेले.
दोन्या सुल्मांनी एकदा तो उचलला,
अंगठा आमच्यावर ठेवला, मधलं बोट त्याच्यावर,
आणि खरबूज पिकलंय का बघावं तसा दाबला.
"जवळचा रस्ता कुठला?"
मी म्हटलं, पूर्वेकडून जा, पश्चिमेकडून जा,
बर्फावरून जा, वाळूवरून जा,
फरक पडला तर शे-चारशे किलोमीटरचा.
तो जवळजवळ तुमच्या तळव्याखालीच राहतो.

बराच वेळ त्या नळीतून माते ओढत राहिल्या.
तळ लागल्याचा आवाज आला.
"म्हणजे मी कुठेही तोंड करून बसले
तरी त्याच्याकडेच तोंड."

असं कुणी मला
तिकीट विकण्याच्या एकवीस वर्षांत म्हटलं नव्हतं.

(माझा भाऊ खाडीपलीकडे राहतो, टेकडीच्या पायथ्याशी.
बसने पस्तीस मिनिटं.
त्या अंतराचा कोड आमच्या यंत्रात नाही.)

मग ऑगस्टचा मंगळवार, वारा असा की दार उघडेना.
त्यांनी पर्समधून चष्मा काढला. "नीट सांग, वेळ किती?"
मी सांगितलं: साओ पाउलो, अडीच तास.
तिथे पाच तास बसायचं.
फ्रँकफर्ट, साडेअकरा. तिथे चार.
सोल, अकरा. पुढे रेल्वे, ते वेगळं.
बोटांवर मोजत त्या चौतिसाला पोचल्या आणि थांबल्या.

"वॉशिंग्टनला मला चौतीस तासच लागले होते.
तेही असेच, थांबत थांबत.
मध्ये सुईण जेवून आली.
तिसाव्या तासाला मी म्हटलं, राहू दे, नको मला,
तेव्हा ती म्हणाली, बाई, आता परत कुठे जाणार?"

त्यांनी नोटा मोजल्या. रबर लावलेल्या, जुन्या वासाच्या.
गुडघ्यांसाठी कडेची जागा मागितली.
आणि घड्याळ? किती पुढे करायचं?
"अजिबात नाही," मी म्हटलं. "बरोब्बर बारा तास.
काटे आहेत तिथेच राहू द्या,
फक्त दिवसाला रात्र म्हणा."
"ते मला येतं," त्या म्हणाल्या.
"नवरा गेल्यापासून तेच म्हणतेय."

आज सप्टेंबरचा पहिला मंगळवार.
दहा वाजले. तिथेही दहाच,
नात झोपली असेल, किंवा हट्ट करत असेल
एका नव्या, खरखरीत बोटाचा.
बाहेर बस येते, माझ्या भावाच्या बाजूची,
दार उघडते, मिटते, जाते.

त्यांची खुर्ची मी हलवलेली नाही.
जाताना वळली होती तशीच आहे,
तोंड फायलींच्या कपाटाकडे.

चालेल.